तिरपं लिहिणारं मशीन

"इथं तर बराबर वाचून राहिलं हे," रुपराव म्हणाले. स्क्रीनवर कामगारांची हजेरी उमटली होती, एकही नाव इकडचं तिकडं नाही.

"तेच तर सांगते, काका," अरुंधती म्हणाली. "अन् पुण्याच्या ऑफिसात गेली की एकही फ्लॉपी उघडत नाही. इथले साहेब म्हणतात, मी काम न करता कोऱ्या फ्लॉप्या पाठवते."

कळमेश्वरच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच. त्याच्या पोटात काही साठवायची सोय नव्हती. जे होतं ते फ्लॉप्यांवर. इंदोरा वस्तीतल्या तिच्या गल्लीत हे यंत्र शिकलेली अरुंधती पहिलीच, आणि वडिलांची गिरणी सुटल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललेलं. मशीनमध्ये दोष निघाला नाही तर उद्यापासून येऊ नको, असं मॅनेजर आनंदरावांनी सकाळीच बजावलं होतं. बोलताना तिच्याकडे पाहायचीही तसदी घेतली नव्हती.

"कधीपासून असं होऊन राहिलं?" सीताबर्डीहून मशीन दुरुस्तीला आलेल्या रुपरावांनी पेचकस काढत विचारलं.

"दसऱ्यापासून. पूजेसाठी साहेबांनी मशीन उचलून खाली हॉलमध्ये न्यायला लावलं. जिन्यात आपटलं."

रुपरावांनी फ्लॉपीचा ड्राइव्ह उघडला आणि बराच वेळ आत पाहिलं.

"हेड सरकलं बेटा. तिरपं लिहिते अन् तिरपंच वाचते, म्हणून इथं चालते. पुण्याचं मशीन सरळ वाचते, त्याले तुह्यं लिहिलेलं दिसतच नाही."

अरुंधतीला रडूच कोसळलं. इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा तिचं खरं मानलं होतं.

"साहेबांना आत्ताच बोलावते. इथं चालते हे पाहू द्या त्यांना."

"थांब वं. मोडकी चीज साहेबाले काय दाखवायची? आधी नीट करतो, मंग बोलाव."

माणूस भला होता. तिनं आपला डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. भाकरी मोडता मोडता रुपराव घरचं सांगू लागले. त्यांची मुलगी शामलाही हाच कॉम्प्युटरचा कोर्स करून बसली होती. लग्न जमत नव्हतं, नोकरी लागत नव्हती.

"तुले पाह्यलं अन् तिचीच याद आली," ते म्हणाले.

"इथं जागा निघाली की मी स्वतः साहेबांना तिचं नाव सांगीन, काका."

रुपराव हसले. हात धुऊन त्यांनी स्क्रू सैल केले, हेड जागेवर आणलं आणि पुन्हा आवळलं. मग तिला मान डोलावून खूण केली.

आनंदराव आले. रुपरावांनी नवी फ्लॉपी घातली, तिच्यावर लिहिलं, वाचून दाखवलं. सगळं चोख. मग अरुंधतीची फ्लॉपी घातली. ड्राइव्ह खरखरला आणि स्क्रीनवर एरर आली. दुसरी घातली. तिसरी घातली.

"म्हणजे इथंही कोऱ्याच," आनंदराव म्हणाले.

"काका, सांगा ना त्यांना. हेड तिरपं होतं, आत्ता तुम्हीच सरळ केलं, म्हणून माझं जुनं आता..."

रुपराव पेचकस पुसत होते. "मशीन तर चांगलं आहे, साहेब. तुमच्यासमोरच चालवलं."

अरुंधती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं रिकामा डबा पिशवीत टाकला.

ती जिन्यापाशी पोचली तेव्हा मागून रुपरावांचा आवाज आला, मघासारखाच मायाळू.

"साहेब, जागा निघालीच आहे, तर उद्या माह्या शामलाले पाठवू काय?"