छातीच्या वर हात

मनिरामचा तळहात कुऱ्हाडीनं चिरला, तोही नेमका ग्रामसभेच्या सकाळी. लाकडं फोडत होता आपल्या मोहाच्या दारूच्या भट्टीसाठी, आणि ती भट्टी बंद करायचा ठराव त्याच सभेत यायचा होता. तो जखमेत तंबाखू भरायला निघाला, तेवढ्यात बायको धावली. प्रेमिला गावची आशाताई. तिनं जखम धुतली, स्वच्छ फडक्याची घडी दाबून धरली आणि घट्ट बांधली.

"अजी, हात छातीच्या वर धरा. खाली केला का धार लागते. मी सांगीन तवरी हालवू नोका."

वाघाच्या मिशा ओढल्याची बढाई मारणारा मनिराम, पण स्वतःचं रक्त दिसलं की त्याचं अवसान गळायचं. झेंड्याच्या काठीसारखा हात उभा धरून तो सभेत बायकोशेजारी जाऊन बसला.

ग्रामसेवकानं विचारलं, "भट्टी बंद करायच्या बाजूनं कोण? हात वर करा!" आणि बोटानं मोजत तो जवळ येऊ लागला.

"प्रेमिला, पाहा ना वं, थांबलं का रक्त? मोजून राहिला तो!"

"थांबा जी. जीव मोठा का भट्टी?"

मनिरामनं डोळे घट्ट मिटले, पण हात काही खाली केला नाही.

"बंदच्या बाजूनं एकसष्ट, विरोधात साठ. ठराव मंजूर!"

प्रेमिलानं फडक्यावर बोट फिरवून पाहिलं.

"करा आता खाली. रक्त तं घरीच थांबलं होतं."