फेसाच्या घरट्यावर काठी

हरदतने चौथ्यांदा घड्याळ पाहिलं. व्हिसा एजंटाचं ऑफिस चारला बंद होणार होतं आणि त्याची सतरा वर्षांची लेक दुलारी खांद्याला टोपली अडकवून कालव्याच्या काठाने रमतगमत चालली होती.

"अगं, बाजारात मासे मिळत नाहीत का?"

"हासर माशाची करी खायची म्हणालात ना? बाजारातला शिळा असतो."

म्हणाला होता खरा. टोरांटोहून आल्यापासून दिवसातून दोनदा म्हणाला होता. आता नव्याकोऱ्या बुटांत चिखल भरून, मानेवरचे डास मारत भातखाचरं तुडवताना त्याला त्या करीचा पश्चात्ताप होत होता. खिशात दुलारीच्या व्हिसाचे कागद होते, तिच्या एका सहीपुरते अडलेले. शुक्रवारी त्याचं परतीचं विमान. दहा दिवसांत पोरीने हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं, आणि त्याला एकदाही डॅडी म्हणून हाक मारली नव्हती. आई वारली आणि हा तिला नानीजवळ सोडून कॅनडाला गेला, तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हा ती त्याच्या खांद्यावरून खाली उतरायची नाही.

दुलारी थांबली. पाण्यावर गवताच्या काड्यांमध्ये पेजेवर येतो तसा पांढरा फेस साचला होता.

"हे हासरचं घरटं. अंडी फेसात, बाप खाली." तिने त्याच्या हातात काठी दिली आणि स्वतः टोपली पाण्यात धरली. "हळू मारा. अंडी वाचवायला तो धावून येतो आणि सरळ टोपलीत शिरतो."

"आणि आई?"

"ती अंडी घालून जाते. हा राहतो."

हरदतने काठी मारली. काही नाही. पुन्हा मारली. फेस हलला आणि जागेवर आला.

"कोणी नाहीये इथे. गेला असेल सोडून. चल, चार वाजतील."

"हा जात नाही. थांबा जरा. थांबायचं म्हटलं की काय होतं हो तुम्हाला?"

तिसऱ्या काठीला पाणी फाटलं. वीतभर लांबीचा काळा मासा काटे ताठ करून आला आणि टोपलीवर आदळला. दुलारीने टोपली उचलली. दोन्ही कुशींवरच्या कठीण पट्ट्या टोपलीला खडखड घासत होत्या आणि मासा गुरगुरत होता. हरदत घड्याळ विसरला. कितीतरी दिवसांनी तो असा मोकळा हसला.

"आता या अंड्यांचं काय?"

"दुसरे मासे खातील. संध्याकाळपर्यंत."

त्याचं हसू गेलं. त्याला एकदम लाज वाटली, कशाची ते त्यालाच ठाऊक. त्याने तिच्या हातातून टोपली घेतली आणि पाण्यात उपडी केली. मासा तीरासारखा फेसाखाली गेला.

"राहू दे करी. कोंबडी कर."

दुलारीने दहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या हातातली टोपली घेऊन, काठावर ठेवून ती खाली बसली.

"चार-पाच दिवसांत पिल्लं सुटतात," ती म्हणाली. आवाज जरा मऊ झाला होता. "शुक्रवारचं तिकीट पुढे ढकला. आठ दिवस राहा. एजंट नको, कागद नको, नुसते घरात राहा. मग सांगते, येते की नाही ते."

"पोरी, सोमवारी कामावर हजर व्हायचंय मला. तू आधी सही कर. तिकडे आल्यावर आपण दोघं आहोतच की."

"तिकीट बदलता येत नाही?"

"येतं गं. पण..." बोलता बोलता त्याची नजर मनगटावर गेली.

दुलारीने त्याच्या हातातली काठी घेतली. टोपलीला तिने हातही लावला नाही. वाकून तिने काठीचं टोक फेसावर हलकेच टेकवलं.

पाणी फाटलं. तोच मासा, काटे ताठ करून, थेट काठीवर आला.

"बघा," ती म्हणाली. "याला आत्ताच तर धरलं होतं."