शेंगदाण्याचा अंश

बचत गटाच्या स्टॉलवर थोरल्या जावेचे नाचणीचे लाडू हातोहात खपत आणि धाकटीच्या पोटात दुखे. लेबलं लिहायचं काम मात्र धाकटीकडे. आज तिने थोरलीच्या प्रत्येक पाकिटावर ठसठशीत लिहिलं: ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो.’ स्वतःच्या लाडवांवर काहीच नाही.

“हे गं काय?” थोरलीने विचारलं.

“नियम आहे, जाऊबाई. मिक्सरमध्ये दाण्याचं कूट करता ना तुम्ही?”

तेवढ्यात एक बाई लेकीला घेऊन आली. थोरलीचं पाकीट वाचून तिने खाली ठेवलं आणि धाकटीचं घेतलं. “हिला दाण्याचा कणही चालत नाही. मागे एकदा श्वास कोंडला होता. बरं झालं, तुम्ही लिहिता.”

धाकटी खुलली. पण लेकीने लाडू तोंडाशी नेला, तेव्हा धाकटीनेच झडप घालून तो हिसकावला. “नको गं बाळा! आमच्या घरात मिक्सर एकच आहे.”

बाईने लेकीला ओढत नेलं. थोरलीने पेन पुढे केलं. धाकटी आपल्या पाकिटांवर लिहू लागली.

“आणि मनात काय गं? जळफळाट?”

“अंश असू शकतो, जाऊबाई.”