दाळ काहून फुटते?

अकोल्यातली दाल मिल बुडायला आली, तेव्हा मालक नत्थुजींनी अमरावतीच्या एमबीएच्या पोरापोरींना बोलावलं. रोग शोधा, ज्या टीमचं निदान खरं, तिला मिलमध्येच नोकरी. निकालाच्या दिवशी मिलच्या हॉलमध्ये दोन टीमांनी मशीनला दोष दिला, तिसरीनं बाजाराला. पहिल्या रांगेत खरेदी मॅनेजर, म्हणजे नत्थुजींचे जावईबापू, असे घोरत होते की छताचा पंखा त्यांच्या तालावर फिरत होता.

चौथ्या टीमची शाहीन उठली. ती अकोल्याचीच, घराजवळची ही नोकरी तिला हवीच होती. तिच्याच टीममधला शिवम तिच्या कानाशी लागला, "नको बोलू वो! जावयाले कोणी नावं ठेवते काय? हाताशी आलेली नोकरी जाईन."

शाहीननं माईक उचलला.

"सर, चांगली तूर मार्केट यार्डात सकाळच्या हर्रासीतच बोली लागून विकून जाते. तुमचे खरेदी मॅनेजर उठतात दुपारी. मग उरलीसुरली ओली तूर आणतात, म्हणून दाळ फुटून चुरी होते."

घोरणं थांबलं. पंखाही थांबला म्हणतात. नत्थुजी लालबुंद होऊन उभे राहिले, तसं शिवमनं बॅग खांद्याला लावली.

"पोरी, माईक तोंडाजवळ घे, अन् हेच पुन्हा एकदा सांग," नत्थुजी म्हणाले.

 

त्यांनी मागं बोट दाखवलं. "मांगच्या रांगेत जावयाची सासू बसून आहे. मी सांगतो तं तिले आयकू येत नाही."