एकातून तीन जात नाहीत

“खडू घे, बाळा,” बाई म्हणाल्या. सहावीत आल्यापासून पहिल्यांदाच मला त्यांनी बाळा म्हटलं. शेवटच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब बसले होते. त्यांच्या शेऱ्यावर बाईंची नोकरी कायम व्हायची होती. काल रेश्माच्या बोटांवर बसलेली लाकडी पट्टी म्हणूनच आज कपाटात गेली होती.

फळ्यावर कालचंच गणित होतं.

५ १/४ − २ ३/४ =

एका पावातून तीन पाव जात नाहीत. पाचातला एक मोडायचा, त्याचे चार पाव करायचे आणि मग वजाबाकी करायची. मला येत होतं. मला येतं हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी मलाच उठवलं. मी त्यांच्याकडे बघत मुद्दाम उलटं केलं. तिनातून एक वजा केला.

३ १/२

बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात साहेबांनी मोबाइलमधून मान वर काढली. “अरे वा! बरोबर ना, बाई?”

बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

“हो साहेब. अगदी बरोबर.”

“शाब्बास! आणखी कुणाला आलं होतं हे उत्तर?”

“रेश्माला,” मी म्हणाले. “कालच आलं होतं. रेश्मा, हात वर कर गं.”

“बस खाली, कार्टे!” बाई ओरडल्या.

तोवर रेश्माची सुजलेली बोटं वर गेली होती.