जावईबापूंची छाटणी

सासूबाईंच्या अंगणातला जुना गुलाब वर्षातून एकदाच फुलायचा, तोही गेल्या वर्षीच्या फांद्यांवर. त्या बहराची वाट बघत त्या उरलेलं वर्ष काढायच्या. फुलदाणी भरली की तांब्या, तांब्या भरला की काचेची बरणी. सगळं घर दरवळायचं.

थंडीत जावईबापू मुक्कामाला आले. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून त्यांच्या अंगात माळी संचारला होता.

"काय हे रान माजवलंय, आई!" म्हणत त्यांनी कात्री उचलली.

"अहो, जुन्या फांद्या राहू द्या. फूल त्यांच्यावरच येतं," सासूबाई कळवळल्या.

"गुलाब म्हणजे गुलाब, आई. छाटला की फुलला! तुम्ही आपला चहा टाका."

जावयापुढे बोलायचं तरी किती? चहाला उकळी येईपर्यंत झाडाचे वीतभर खुंट उरले होते. लेक आत येऊन पुटपुटली, "आई, मी यांना घरी साधी काकडीसुद्धा चिरू देत नाही गं!"

बहराचे दिवस आले. झाड पानांनी हिरवंगार झालं, पण कळी औषधालाही नव्हती. रिकामी फुलदाणी पुसता पुसता सासूबाईंचे डोळे भरून यायचे.

त्याच आठवड्यात जावईबापू पुन्हा आले. हात मागे बांधून झाडाभोवती दोनदा फिरले आणि खाली मान घालून म्हणाले, "चूक माझीच आहे, आई."

सासूबाईंना क्षणभर बरं वाटलं.

 

"मागच्या खेपेला हात फारच आखडता घेतला मी. कात्री कुठंय?"