दादाची जागा

"हे त्रेसष्टावं," यादीवाला म्हणाला आणि त्यानं लॅपटॉपचा आवाज वाढवला.

धून तीच. जॅझ वाजवणारा प्रत्येक जण ती कधी ना कधी वाजवतोच, आणि कुणी, कुठे, कधी रेकॉर्ड केली याची यादी करण्यात या माणसानं अकरा वर्षं घातली होती. सगळे त्याला यादीवालाच म्हणत. पुस्तक छापायला जायचं होतं. घोडं अडलं होतं पहिल्याच नोंदीपाशी, म्हणून तो दादाच्या घरी आला होता. दादाला जाऊन सतरा दिवस झाले होते.

सोफ्यावर वहिनी, दादाची बायको. खिडकीशी दादाचा धाकटा भाऊ. तो ऐकत होता की नुसताच बसला होता, कळत नव्हतं. सतरा दिवसांत त्याला काही वाटलंच नव्हतं. रडू नाही, भूक नाही. दाढ काढताना भूल दिल्यावर गाल होतो, तसा तो सगळाच झाला होता.

"आता बघा हं. ट्रंपेट थांबतं, आणि..."

टक्. टुक्.

"आली! एकीनं नुसत्या पियानोवर वाजवलंय, तिनं इथे झाकणावर टिचक्या मारल्यात. एक रेकॉर्डिंग तर सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, हात म्हणून लावला नाही कुणी, तरी टक्-टुक् आहेच. वाजवणारे हिला 'दादाची जागा' म्हणतात, काकू. पोरं महिना महिना घासतात. मला एवढंच हवंय, ही जागा दादांना सुचली कशी?"

"पहिलं लावा," वहिनी म्हणाल्या.

खरखर, मग ट्रंपेट, मग ती जागा. धाकट्यानं मान वळवली नाही. हे रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी ड्रम वाजवणाऱ्या दादाचा हात गळ्यात बांधलेला होता. मोटारसायकलच्या किकनं मनगट गेलं होतं. स्टुडिओ ठरलेला, रेकॉर्डची लेबलं दादाच्या नावानं छापून झालेली. ऐन वेळी धाकट्याला ड्रमवर बसवलं. ट्रंपेट थांबलं आणि घामेजल्या हातातून काठी सुटली. आधी ड्रमच्या कडेवर आपटली, मग जमिनीवर. टेप तेवढीच उरली होती, म्हणून तेच ठेवलं. "असू दे रे," दादा म्हणाला होता, "माझ्या नावावर खपून जाईल." पुढे तीच जागा गाजली आणि मग बोलायची सोयच राहिली नाही. त्याला बावन्न वर्षं झाली.

"दादा काहीतरी म्हणाले असतील ना, काकू?"

"हे कधी काही म्हणाले नाहीत. पण मी ह्यांना आयुष्यभर वाजवताना पाहिलंय. तापात पाहिलंय, एकदा तर पिऊन तर्र असताना. ह्यांच्या हातून काठी कधी पडली नाही."

"पडली?" यादीवाल्याला काही कळेना.

"हा काठी पडल्याचा आवाज आहे. शिकायला येणाऱ्यांच्या कितीतरी काठ्या ह्या घरात पडलेल्या ऐकल्यात मी." त्या आता धाकट्याकडे बघत होत्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "भाऊजी, ह्यांच्या नावावरून काढून घ्या हो ते."

यादीवाल्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"काका, ड्रमवर तुम्ही होतात?"

"हो. हातातून सुटली."

एवढं बोलून तो थांबला. आता तरी काही वाटेल म्हणून त्यानं वाट पाहिली. काही वाटलं नाही.

यादीवाल्यानं पहिली नोंद उघडली. ड्रमसमोरचं दादाचं नाव शेवटाकडून एकेक अक्षर करत पुसलं गेलं. वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. रकाना कोरा झाला तेव्हा त्यांनी पदर सारखा केला.

"नाव सांगा काका. कागदोपत्री आहे तसं, बरोबर लिहायचंय."

धाकट्यानं सांगितलं. यादीवाल्याची बोटं दोन अक्षरं टाइप करून थांबली.

"काका," तो हळूच म्हणाला, "हे दादांचं नाव झालं."